मंगळसूत्राच्या वेळी कॅमेरा कुठं होता

वन्सं,

तुमच्या तेराव्याला लोक हसले. हे तुम्हाला सगळ्यांत आधी सांगायचं होतं.

जेवणं आटोपली होती. पाहुणे सतरंजीवर टेकले होते आणि जो तो बडीशेपेची वाटी पुढच्याकडे सरकवत होता. तुमचे भाऊ तर इतके दिवस चहा हवा-नको यापलीकडे काही बोललेच नव्हते. तेव्हा समीर उठला. पोर माझं, पण वाढलं तुमच्या मांडीवर. त्यानं मला विचारलंही नाही. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि म्हणाला, "आत्याच्या बातम्या लावतो."

आणि तुम्ही आलात. जांभळी साडी, केसांत कागदी गुलाब, मागे भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली मोरांची चादर. दर दिवाळीला तुम्ही अशा सजून बसायच्या, कॅमेरा ज्वारीच्या पोत्यावर ठेवायच्या आणि वर्षभराच्या घरच्या बातम्या वाचायच्या. हातात कोरा कागद.

"नमस्कार, मी सुमन. ठळक बातम्या. आमचे बंधू दत्तात्रय यांनी नवीन स्कूटर खरेदी केली. पहिल्याच दिवशी ती म्हशीवर आदळली. म्हैस सुखरूप आहे. बंधूंच्या गुडघ्याला हळद लावण्यात आली आहे." इथपर्यंत तुमची भाषा अगदी टीव्हीवरची. मग पुढच्या बातमीला सगळं सुटायचं. "नळाला पाणी परवा आलतं. आता कवा यील ते देवालाच ठाऊक."

सगळ्यांत आधी हसले ते तुमचे भाऊ. हसता हसता त्यांना ठसका लागला, मग डोळे पुसायला लागले. त्यात काय किती होतं ते मी विचारलं नाही. गावाकडून आलेल्या चुलत सासूबाईंनी नाक मुरडलं. "तेराव्याला टीव्ही लावतेत व्हय?" म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं समीरला हळूच, "ते म्हशीचं परत लाव की."

कॅमेऱ्यामागच्या माणसाचे फोटो नसतात म्हणतात. आमची अडचण उलटी झाली. हार कुठल्या फोटोला घालायचा यावरून घरात दोन तट पडले. तुम्हाला स्वतःला बघायला लई आवडायचं, आणि ते तुम्ही कधी लपवलं नाही. शेवटी ज्यात तुम्ही कलिंगड खाताय तो निवडला. भटजींनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र म्हणायला लागले.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. म्हणजे पाहिलं असं म्हणता येणार नाही. तुमचा चेहरा दिसत नव्हता, खांद्यावर ती धिप्पाड पेटी होती. बार्शीच्या त्या मांडवात बायका नवरीकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत होत्या. "नवऱ्याची थोरली बहीण हाय म्हणं. टेलिफोनात नोकरीला हाय. शूटिंग करतीया." मला वाईट वाटलं होतं. त्या दिवसापुरतं तरी लोकांनी माझ्याकडे बघावं, इतकीच माझी अपेक्षा होती.

कॅमेरा कसा घेतला ते सासूबाई मला लग्नानंतर रोज सांगायच्या. त्या आधी गल्लीत व्हिडिओ यायचा तो भाड्यानं. गणपतीत कुणीतरी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायचा, आणि अख्खी गल्ली रस्त्यावर पोती टाकून सिनेमे बघायची. तुम्हाला सिनेमांचं फार नव्हतं. पण तुमच्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीचा दीर आखातातून कॅमेरा घेऊन आला आणि त्यानं टीव्हीत तुम्हाला तुम्हालाच दाखवलं. घरी आलात त्या दिवशी जेवला नाहीत. पाटल्या करायच्या म्हणून जे साठवलं होतं ते उचललंत आणि त्याच्याकडून तोच कॅमेरा विकत घेतलात. "पाटल्या हातात तरी दिसल्या असत्या," सासूबाई म्हणायच्या. आणि तुम्ही म्हणायच्या, "ह्यात तू दिसतीस की."

लग्नानंतर पहिल्या रविवारी आपण कॅसेट बघायला बसलो. मी नवी नवरी, कोपऱ्यात. माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट मी पाहिली होती. तिचा चेहरा आधी गुलाबात यायचा, मग बदामात, मग बदामाचे दोन तुकडे होऊन त्यातून माझे मेहुणे निघायचे. माझाही चेहरा कशात तरी यावा अशी माझी मनापासून इच्छा होती. आला तो सरळ मांडवात. अंतरपाट धरलाय, मंगलाष्टकं चाललीत, मी हार घेऊन उभी. बँड वाजायला लागला. आणि पुढच्या क्षणी पंगत. जिलबी वाढतोय कुणीतरी. मंगळसूत्र नाहीच.

मी धीर करून विचारलं, "वन्सं, मंगळसूत्र घालतानाचं?"

"न्हाई आलं," तुम्ही म्हणालात.

"मग तेव्हा कॅमेरा कुठं होता?"

"हुता कुटंतरी."

तुमच्या-माझ्यातलं हे पहिलं भांडण, आणि ते जवळजवळ आयुष्यभर पुरलं. लग्नाचा वाढदिवस आला की मी म्हणायची, सगळ्या जगाच्या लग्नात मंगळसूत्र असतं, आमच्या लग्नात जिलबी आहे. तुम्ही म्हणायच्या, जिलबी चांगली हुती. मी म्हणायची, निदान माझा चेहरा एखाद्या फुलात तरी घालायचा होता. "माणसाला सफरचंदात घालतेत, ते बघवत न्हाय मला," तुम्ही म्हणायच्या. "माणूस हाय का अळी?"

मग कॅमेरे बदलत गेले. खांद्यावरची पेटी गेली, हातात मावणारा आला. त्याची कॅसेट तळहाताएवढी. मग सीडी, मग फोन. तुम्ही प्रत्येक गोष्ट घेतलीत, पण आधीची टाकली नाहीत. समीरचं पहिलं पाऊल तुमच्याकडे नाही, कारण तो चालला तेव्हा तुम्ही खिडकीतून कल्हईवाल्याचं शूटिंग करत होता. पण कल्हईवाला पूर्ण आहे. पातेलं काळं होतं तिथपासून ते चमकेपर्यंत. मी चिडायची. "जे चाललंय त्यावर कॅमेरा धरा की हो," म्हणायची. तुम्ही मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

या सगळ्या कॅसेटी एका लोखंडी पेटीत गेल्या आणि पेटी गेली मोरीशेजारी, पाण्याच्या पिंपामागे. नळाला पाणी रोज यायचं नाही म्हणून घरात तीन-तीन पिंपं, आणि त्यांची ओल कायम. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी पेटी उघडली. कॅसेटींच्या काचेतून आत पांढरं पीठ पडल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं धूळ. तुम्ही चष्मा लावून एक उजेडात धरलीत आणि खुर्चीत बसून घेतलंत.

"बुरशी हाय," म्हणालात.

तुम्हाला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा तुम्ही पाहुण्यांचा चहा बघत होता. त्या दिवशी तुम्ही त्या पेटीसमोर बसून होता आणि गालावरून पाणी चाललं होतं, ते पुसायचंही भान नव्हतं. "आई हाय ह्यात," एवढंच म्हणालात. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, माझे अप्पापण आहेत. बार्शीच्या शाळेत हेडमास्तर असलेले माझे वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांचं हलतं-बोलतं असं जे काही उरलं होतं ते त्या पेटीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही घरचा मोडका व्हीसीआर माझ्या हातात दिला आणि पर्स काखोटीला मारली. "चल सात रस्त्याला."

आपला व्हीसीआर पूर्वी दुरुस्त करणाऱ्या रियाजभाईंचं दुकान त्या चौकात अजून होतं, पण व्हीसीआर दुरुस्तीची पाटी जाऊन मोबाइल कव्हरं लागली होती. आपला मोडका व्हीसीआर पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या दुकानदारालाही बोलावलं. "आपा, मेरेकू लगा था अब ये कोई पूछताच नै," म्हणाले. दुरुस्त करता येईल का? नाही. पट्टा मिळणार नाही, आणि हाताला सवयही राहिली नव्हती. पण माळ्यावर चढून त्यांनी स्वतःचा एक बंद पडलेला व्हीसीआर खाली आणला, फुंकर मारली आणि तुमच्या हातात दिला. "दोनों मिलाके एक बना लो." चहा पाजला तो वेगळाच.

आणि तुम्ही बनवलात. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता, वायरींची तुम्हाला भीती नव्हती. तीनदा फ्यूज उडाला. एकदा व्हीसीआरनं कॅसेट गिळली आणि परत दिलीच नाही, तेव्हा तुमच्या भावानं सांडशी आणून दिली. पण चौथ्या दिवशी टीव्हीवर आधी मुंग्या आल्या, मग आडव्या रेघा, आणि मग त्या रेघांतून एक माणूस डोकावला. तो कुणाच्या तरी मुंजीतला आचारी होता. आपण दोघींनी त्याला टाळ्या वाजवल्या.

समीरनं पुण्याहून एक छोटी डबी पाठवली, व्हीसीआर आणि लॅपटॉप जोडणारी. फोनवरून त्यानं मला शिकवलं. आणि मग आपला कारखाना सुरू झाला. बुरशी लागलेली कॅसेट तशीच मशीनमध्ये घालायची नाही, नाहीतर आत जे हेड असतं, चित्र वाचणारं, तेही खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. म्हणून तोंडाला फडकं बांधायचं, स्क्रू काढायचे, कॅसेट उघडायची, आणि ती लांबच लांब पट्टी हातानं गुंडाळत गुंडाळत स्पिरिट लावलेल्या मऊ कापडानं पुसत जायची. एका कॅसेटीत सव्वा फर्लांग तरी पट्टी असावी. पुसलेल्या कॅसेटी कोरड्या राहाव्यात म्हणून तुम्ही चपलांच्या दुकानातून त्या बारीक दाण्यांच्या पुड्या मागून आणल्या आणि सगळं ज्वारीच्या रिकाम्या कोठीत ठेवलंत. तुमचे भाऊ ज्वारी घालायला गेले आणि कोठीत समीरच्या मुंजीची कॅसेट बघून परत आले.

वन्सं, ते दिवस फार चांगले गेले. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, त्यात घाई चालत नाही. म्हणून सकाळची कामं आटोपली की आपण बसायचो. पुढ्यात भाजी, समोर टीव्ही. इतकी वर्षं एका घरात राहून आपण एकमेकींशी इतकं बोललो नव्हतो. घेवडा सोलता सोलता तुम्ही मला सांगितलंत की तुम्हाला दोन स्थळं आली होती आणि दुसरं चांगलं होतं. "मग?" मी विचारलं. "त्यांनी नोकरी सोडा म्हणलं. मी म्हणलं, तुमी सोडा की." आणि पुढचा घेवडा उचललात.

अशाच एका सकाळी लोखंडी पेटीच्या तळाशी ती कॅसेट सापडली. कागद सुटला होता, नाव नव्हतं. तुम्ही हातात घेतलीत आणि बाजूला ठेवलीत. "ही ऱ्हाऊ दे."

"का?"

"ऱ्हाऊ दे म्हणलं की."

तुम्ही कुठलीच कॅसेट राहू देत नव्हता. कुणाच्या बारशातल्या पाळण्याची दोरी दिसत असली तरी ती पुसून घ्यायच्या. मग ही का? मी उघडली, पुसली, लावली. तुम्ही उठून आत गेलात. जाताना दाराशी थांबलात हे मला टीव्हीच्या काचेत दिसत होतं.

माझं लग्न. अंतरपाट, मंगलाष्टकं, हातातला हार. हे मी शंभरदा पाहिलेलं. मग बँड सुरू झाला, पण पंगत आली नाही. कॅमेरा वळला. माणसांच्या पाठी, अक्षता, कुणाचं तरी रडकं पोर, आणि मग मांडवाचं दार. दारात बँडवाले. आणि त्यांच्या मधोमध अप्पा.

त्यांनी फेटा काढून बँडवाल्याच्या डोक्यावर ठेवला होता आणि त्याचा ताशा स्वतःच्या गळ्यात अडकवला होता. माझे वडील. ज्यांच्यासमोर आम्ही बहिणी मोठ्यानं खोकायला घाबरायचो, ते. काड्या अशा चालत होत्या की दिसत नव्हत्या. मान एका बाजूला झुकलेली, डोळे मिटलेले, आणि ओठ दाबून धरलेलं असं हसू, जे मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. बँडवाले आधी बघत राहिलेले, मग त्यांनी ताल पकडला. एक म्हातारा नाचायला लागला. अप्पांनी डोळे उघडले, कॅमेरा दिसला, आणि ते दचकले. काडी धरलेला हात ओठांवर नेला. नको, अशी मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा डोळे मिटले आणि आधीपेक्षा जोरात वाजवायला लागले.

मी किती वेळा मागे घेऊन पाहिलं ते सांगता येणार नाही. मी हसत होते, रडत होते, दोन्ही एकदमच. तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात.

"आमाला दिली ती...?" मी विचारलं. तुमच्यासारखंच बोलायला लागले होते.

"ती कॉपी हुती. दोन मशीन जोडून केलती. एवढंच काढलं त्यातनं."

मांडवातच अप्पा तुमच्यापाशी आले होते म्हणे. लहानपणी गावच्या तालमीत लेझमीला ताशा वाजवायचे. मग शिक्षक झाले, हेडमास्तर झाले, आणि ते सुटलं. त्या दिवशी बँडवाल्यांना हळू वाजवा म्हणून सांगायला गेले आणि काय झालं ते त्यांनाही कळलं नाही. म्हणाले, ताई, हे कुणाला दाखवू नका, पोरांपुढं उभं राहायचं असतं मला. तुम्ही शब्द दिलात.

"पण वन्सं, अप्पा जाऊनसुद्धा इतकी वर्षं झाली. तेव्हा तरी सांगायचं."

"ते गेले म्हणून शब्द जातोय व्हय?" तुम्ही म्हणालात. "आनि मी न्हाई सांगितलं. तू लावलीस."

दर वाढदिवसाला माझी बोलणी खाल्लीत. जिलबीचा टोमणा खाल्लात. एकदाही तुमच्या तोंडून निघालं नाही. त्या दिवशी मी फक्त उठून शिरा केला. तुम्ही दोनदा मागून घेतलात. आपल्यात जे बोलायचं ते असंच व्हायचं, पण आता वाटतं, शब्दांतही एकदा बोलले असते तर काय बिघडलं असतं. म्हणून आता लिहितेय. वन्सं, मंगळसूत्र मी रोज बघते, गळ्यातच असतं. माझे अप्पा आनंदात कसे दिसतात ते मला तुमच्यामुळे कळलं.

याचा अर्थ तुमचं सगळंच बरोबर होतं असं नाही. शेळीच्या कॅसेटबद्दल माझं मत अजून तेच आहे. गावाकडच्या घरी तुम्ही कॅमेरा बंद करायला विसरलात आणि तो कट्ट्यावर तसाच चालू राहिला. कॅसेट संपेपर्यंत एक शेळी रवंथ करते. दुसरं काही नाही. मी म्हणत होते, हे काढून टाकू, मुलांना कोण बघायला लावणार. तुम्ही म्हणालात, काढायचं न्हाय. आपण चार दिवस त्यावर बोलत नव्हतो. शेवटी तुम्ही मला जवळ बसवलंत आणि आवाज मोठा केलात.

शेळीच्या मागून सासूबाईंचा आवाज येत होता. "नवीन सून भाकरी लई जाड करती. गळ्याखाली उतरंना."

आणि मग तुमचा. "शिकंल की. तवर जाड खाऊ."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पडद्याकडे बघत म्हणालात, "शेळी बघ. किती शांत हाय."

ती तेवढी दोन वाक्यं ठेवावीत आणि बाकीची शेळी काढावी, हे माझं म्हणणं होतं आणि आहे. तुमचं म्हणणं, मग ती वाक्यं कुठं बसून ऐकली ते कसं कळणार. हा वाद मिटायच्या आत तुम्ही गेलात. त्यामुळे शेळी अजून तरी पूर्ण आहे.

गेल्या वर्षी तुमचा दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं आणि तुम्ही घरी येऊन भावाला समजावलंत, "हेड घासलंय माझं. चित्र येतंय, जरा मुंग्या येतेत." तरी दिवाळीत गच्चीवर पांढरी चादर बांधून तुम्ही गल्लीला उतरवलेल्या कॅसेटी दाखवल्यात. शुक्रवार पेठेतली निम्मी माणसं पुन्हा तरुण झाली त्या संध्याकाळी. ज्यांचे केस गेले होते त्यांचे केस आले. एक आजोबा स्वतःच्या मिशा बघून इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून वाढवायलाच लागले. आणि तुम्ही खुर्चीत बसून जो येईल त्याला सांगत होता, तुमच्या घरात जुनी कॅसेट असली तर आणा, मंगल करून देती. मंगल म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

जाताना तुम्ही मोठं काही बोलला नाहीत. दवाखान्यात आदल्या दिवशी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही विचारलंत, "आज कुटली लावलीस?" मी म्हटलं, आज नाही लावली, इथं आहे ना. तुम्हाला ते पटलं नाही. "हेड पुसून ठेव, धूळ बसती," म्हणालात आणि डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. चेहरा शांत होता. नर्स म्हणाली, यांना जाताना त्रास झाला नाही. मला त्यावर विश्वास ठेवायचा आहे, म्हणून मी ठेवते.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. तुमची खुर्ची कुणी हलवली नाही. मी ठरवलं होतं, कारखाना बंद. घरच्या सगळ्या कॅसेटी झाल्या होत्या, आता कशाला. व्हीसीआरवर कापड टाकलं.

परवा सकाळी पलीकडच्या गल्लीतली अनसूया आली. मागवाल्यांच्या, म्हणजे चादरी विणणाऱ्यांच्या घरातली, तुमच्याकडे यायची ती. हातात पिशवी, पिशवीत साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक कॅसेट. "सुमनताई म्हणल्या हुत्या, आणून दे म्हणून. मी उशीर केले," म्हणाली. तिच्या सासूची कॅसेट. सासू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. घरात तिचा एकच फोटो आहे, तोही रेशन कार्डावरचा.

मी नाही म्हणणार होते. तोंडाशी आलं होतं. पण तुमचे भाऊ आतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि सतरंजीवर बसले. त्यांनी फडकं बांधलं, अनसूयानं फडकं बांधलं, मग मीही बांधलं. बुरशी फार नव्हती. दुपारी मी हेड पुसून कॅसेट लावली.

शूटिंग तुमचंच होतं. आधी माग दिसला, त्याचा खडखडाट आला, अर्धवट विणलेली चादर. मग कॅमेरा दाराकडे गेला, दारातून एक ठेंगणी म्हातारी आत आली, आणि अनसूया खुर्चीतून ताडकन उठून उभी राहिली.

तिचं तिलाही कळलं नव्हतं. दोन्ही हात पोटाशी धरलेले, मान खाली. आता तिलाही सुना आहेत, गुडघे दुखतात, उठायला-बसायला कुणाचा तरी हात लागतो. म्हातारीनं तेलुगूत काहीतरी दटावलं. अनसूयानं हळू आवाजात उत्तर दिलं. मग तिच्या लक्षात आलं आपण काय करतोय, आणि ती तोंडावर हात घेऊन हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, तरी ती काही बसली नाही.

मी तिच्याकडेच बघत होते. पडद्यावर पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचं, तर मला कॅसेट परत लावावी लागेल.

तुमची,
मंगल